घोड्याच्या चंदीत जवस: किती, कसे, आणि खनिजांचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडा प्रौढ, सुमारे ५०० किलो वजनाचा, हलके काम करणारा. त्याला वर्षभर वाळलेले गवत मिळते आणि चंदीत ओट व गव्हाचा कोंडा असतो. अंगावरची तकाकी गेली आहे, काळ्या केसांची टोके तांबूस पडली आहेत आणि खुरांच्या कडा चिरत आहेत. यावर उपाय म्हणून आपण जवस सुरू करू इच्छिता, परंतु ते भिजवावे, उकळावे की दळावे हे ठरत नाही. शिवाय जवसात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असतो हे वाचल्यापासून घोड्याच्या हाडांची काळजी वाटते आहे.

आधी उत्तर सांगतो, मग कारणे. जवस अवश्य द्यावे, ताजे दळून आणि कोरडेच द्यावे. त्यातील फॉस्फरसाने आपल्या घोड्याचे काही बिघडणार नाही. बिघडवणारा पदार्थ त्याच चंदीत आधीपासून आहे, तो म्हणजे कोंडा. केसांचा उडालेला रंग आणि चिरलेले खूर मात्र एकट्या जवसाने सुधारतील अशी अपेक्षा ठेवू नये, कारण जवस मुख्यतः स्निग्ध आम्ले पुरवते आणि ही दोन लक्षणे बहुतेक वेळा तांबे व जस्त यांच्या कमतरतेकडे बोट दाखवतात.

जवस मुळात का द्यायचे, हे नीट समजले की किती द्यायचे तेही आपोआप ठरते. हिरव्या गवतात स्निग्धांश कमीच असतो, कोरड्या वजनाच्या जेमतेम २ ते ४ टक्के; पण त्यातला मोठा हिस्सा अल्फा-लिनोलेनिक या ओमेगा-३ गटातील आम्लाचा असतो. दिवसभर चरणारा घोडा गवताच्या प्रचंड राशीतून ते पुरेसे मिळवतो. गवत कापून उन्हात वाळवले की या आम्लाचा बराचसा भाग हवेने जळून जातो, आणि त्याच्याबरोबर ई जीवनसत्त्वही जाते. वाळलेल्या गवतावर जगणाऱ्या घोड्याला म्हणून या दोन गोष्टी कमी पडतात. ओट, मका किंवा सूर्यफुलाचे तेल वाढवून ही उणीव भरत नाही, कारण त्यांत ओमेगा-६ गटातील आम्ले वरचढ असतात. जवसात सुमारे ४० टक्के तेल असते आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. ओमेगा-३ आणि ओमेगा-६ यांचे त्यातील प्रमाण हिरव्या गवताच्या जवळ जाते. गवत वाळताना जे हरवले तेच जवस परत देते. जो घोडा वर्षातील बराच काळ चांगल्या हिरव्या कुरणावर दिवसभर चरतो, त्याला जवसाची फारशी गरज नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

या हिशेबाने ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६० ते १२० ग्रॅम दळलेले जवस पुरते. सुरुवात २० ते ३० ग्रॅमने करावी आणि दोन आठवड्यांत पूर्ण प्रमाणावर जावे. घोड्याला पित्ताशय नसते, पित्त सतत थोडे थोडे स्रवत राहते. तो स्निग्ध पदार्थ चांगले पचवतो, मात्र आतड्यातील विकरांना (पचन घडवणाऱ्या एन्झाइमना) त्यांची सवय व्हायला अवधी लागतो. चावणाऱ्या सूक्ष्म माश्यांमुळे त्वचेला खाज सुटणाऱ्या ६ घोड्यांवर कॅनडातील गुएल्फ विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात त्वचेची प्रतिक्रिया सौम्य झाल्याचे दिसले. तिथे वापरलेले प्रमाण मात्र ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण अर्धा किलो इतके मोठे होते. एवढ्या जवसातून सुमारे २०० ग्रॅम तेल जाते, म्हणजे ऊर्जेचा चांगलाच भार पडतो. त्वचेच्या खऱ्या तक्रारीसाठी, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि घोडा लठ्ठ नसेल तरच तसा विचार करावा. केवळ तकाकीसाठी त्याची गरज नाही.

आता तयारीविषयी, कारण याबाबत परस्परविरोधी सल्ले मिळतात आणि त्यांतील एक खरोखर धोक्याचा आहे. जवसाच्या दाण्यात सायनाइड सोडू शकणारी संयुगे असतात आणि त्यांना फोडणारे विकरही असते. अखंड, कोरड्या दाण्यात ही दोन्ही वेगवेगळी राहतात. दाणा फुटून ओला झाला आणि कोमट अवस्थेत तसाच पडून राहिला की विकर कामाला लागते. म्हणून दळलेले जवस कोमट पाण्यात कालवून रात्रभर ठेवणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे, आणि तीच पुष्कळ ठिकाणी मऊ, पचायला हलके खाद्य म्हणून वापरली जाते. ती आजच बंद करावी. उकळण्याची जुनी पद्धत याच भीतीतून आली आणि तिच्यामागे तर्क होता. दाणे थेट उकळत्या पाण्यात टाकले तर विकर नष्ट होते, आणि भांडे उघडे ठेवले तर तयार झालेले थोडेफार हायड्रोजन सायनाइड वाफेबरोबर निघून जाते. ही पद्धत चुकीची नाही, फक्त शंभर ग्रॅमसाठी एवढ्या खटाटोपाची आवश्यकता नसते. कोरडे दळून लगेच दिलेल्या जवसात सायनाइड तयार व्हायला वेळच मिळत नाही. पोटात गेल्यावर जठरातील आम्ल विकराला निष्प्रभ करते आणि जे अत्यल्प सायनाइड तयार होते त्याचे यकृत थायोसायनेट या खूपच कमी विषारी संयुगात रूपांतर करते. चंदीतून पीठ उडते म्हणून देतेवेळी पाण्याचा हबका मारायला हरकत नाही. घोड्याने ते तिथल्या तिथे संपवले पाहिजे एवढेच.

अखंड दाणे देऊ नयेत. त्यांचे टरफल इतके कठीण आणि गुळगुळीत असते की बरेचसे दाणे दाढांतून निसटतात आणि लिदेत जसेच्या तसे सापडतात. दळल्यावर मात्र तेल हवेच्या संपर्कात येते, म्हणून रोजचे रोज, फार तर दोन-तीन दिवसांचे दळावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवावे. खवट किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर ते पीठ टाकून द्यावे. उष्णतेची प्रक्रिया करून टिकाऊ केलेले दळलेले जवसही मिळते, ज्यांच्याकडे अनेक घोडे आहेत त्यांना ते सोयीचे पडते.

जवसाच्या तेलाविषयी एक इशारा द्यायलाच हवा. खाण्यायोग्य, थंड दाबाने काढलेले तेल चालते. रंगकामासाठी ‘उकळलेले’ म्हणून जे जवसाचे तेल विकले जाते, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगे मिसळलेली असतात आणि ते कोणत्याही जनावराच्या तोंडात जाता कामा नये. जवसाची पेंड ही तिसरी आणि वेगळीच वस्तू आहे. तिच्यातील बहुतेक तेल काढून घेतलेले असते आणि उरतात ती प्रथिने, सुमारे एक तृतीयांश. प्रथिनांसाठी ती ठीक आहे, जरी तिच्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. पण ओमेगा-३ साठी पेंड देण्यात अर्थ नाही.

आता आपल्या मूळ भीतीकडे येतो. जवसात साधारण ०.२५ टक्के कॅल्शियम आणि ०.६४ टक्के फॉस्फरस असतो, म्हणजे फॉस्फरस अडीच पट. टक्केवारी म्हणून हे भीतीदायक दिसते. घोड्याचे शरीर मात्र टक्केवारी खात नाही, ग्रॅम खाते. शंभर ग्रॅम जवसातून पाव ग्रॅम कॅल्शियम आणि पाऊण ग्रॅमहूनही कमी फॉस्फरस जातो. याच्याशेजारी घोड्याची गरज ठेवून पाहावी. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार ५०० किलोच्या, हलके काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला ३० ग्रॅम कॅल्शियम आणि १८ ग्रॅम फॉस्फरस लागतो.

आपल्यासारख्याच एका आहाराचा हिशेब मांडून दाखवतो. गवताचे आकडे नमुन्यादाखल धरले आहेत, आपल्या गवताचे वेगळे असतील. समजा ९ किलो वाळलेले गवत आहे, त्यात ०.३५ टक्के कॅल्शियम आणि ०.२२ टक्के फॉस्फरस, म्हणजे ३१.५ आणि १९.८ ग्रॅम. दीड किलो ओटातून १.५ ग्रॅम कॅल्शियम आणि ५.४ ग्रॅम फॉस्फरस. दीड किलो गव्हाच्या कोंड्यातून २ ग्रॅम कॅल्शियम आणि तब्बल १६.५ ग्रॅम फॉस्फरस. बेरीज केली तर कॅल्शियम ३५ ग्रॅम आणि फॉस्फरस ४१.७ ग्रॅम होतो. दोन्ही गरजेपेक्षा जास्त आहेत, तरी प्रमाण उलटे झाले आहे: एका ग्रॅम फॉस्फरसामागे ०.८४ ग्रॅम कॅल्शियम. यात शंभर ग्रॅम जवस घातले की हे ०.८४ चे ०.८३ होते. जवस तसेच ठेवून कोंडा काढला की कॅल्शियम ३३.२५ आणि फॉस्फरस २५.८४ ग्रॅम राहतो आणि प्रमाण १.२९ वर येते. प्रौढ घोड्यासाठी कॅल्शियम फॉस्फरसाच्या बरोबरीच्या खाली कधीही जाऊ नये आणि शक्यतो सव्वा ते दुप्पट असावे. चंदीतला एक पदार्थ कमी केल्याने जे साधते, ते एखादी पुडी वाढवूनही साधले असते. कोंडा न काढता प्रमाण दीडपटीवर न्यायचे म्हटले तर दिवसाला सुमारे ७५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट (चुनखडीची पूड) घालावे लागेल. ते घालून कोंडा चालू ठेवण्याचे मला तरी एकही सबळ कारण दिसत नाही.

हे प्रमाण दीर्घकाळ उलटे राहिले तर काय होते, ते मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण हा रोग हळूहळू येतो. रक्तातील कॅल्शियम स्थिर ठेवणे शरीराला भाग असते. आहारातून ते मिळेना की गळ्यातील पॅराथायरॉइड या छोट्या ग्रंथी ते हाडांतून काढून रक्तात आणतात आणि हाडाच्या जागी तंतुमय ऊती भरत जाते. चेहऱ्याची हाडे आणि जबडा फुगतो, चावताना दुखते, दात सैल होतात, आणि लंगडणे एका पायावरून दुसऱ्या पायावर जात राहते. पूर्वी कोंडा भरपूर खाणाऱ्या घोड्यांत हा रोग इतका दिसे की त्याला कोंड्याचेच नाव पडले होते. यात एक फसवी गोष्ट अशी की रक्ततपासणीत कॅल्शियम बहुधा सर्वसाधारणच येते, कारण ते तसे राखण्यासाठीच तर हाडे झिजत असतात. ‘रक्तात कॅल्शियम ठीक आहे’ एवढ्यावर विसंबून राहू नये. लघवी आणि रक्त यांचे नमुने एकाच वेळी घेऊन खनिजांच्या उत्सर्जनाचे प्रमाण काढता येते, त्यातून अधिक कळते. आणि चारा व चंदी यांचा हिशेब सर्वांत जास्त सांगतो.

याच्याशी निगडित आणखी एक बाब आहे. उष्ण प्रदेशांतील काही गवतांत ऑक्झॅलेट भरपूर असते आणि ते लहान आतड्यात कॅल्शियमला बांधून ठेवते. अशा गवताचा अहवाल कागदावर उत्तम दिसतो, पण घोड्याला त्यातले कॅल्शियम मिळत नाही आणि कोंड्याशिवायही हाच रोग होतो. हत्ती गवत, किकुयू, सेटारिया यांसारखी गवते मुख्य चारा असतील तर ऑक्झॅलेटही तपासून घ्यावे आणि वरून कॅल्शियम द्यावे. ते देताना खाद्य प्रतीची चुनखडीची पूड वापरावी. कळीचा किंवा विरवलेला चुना दाहक असतो, तो चालत नाही. चाऱ्यात लसूणघास निम्म्याहून अधिक असेल तर चित्र उलटे असते. तिथे कॅल्शियम फॉस्फरसाच्या पाच-सहा पट असू शकते आणि कॅल्शियमची पुडी देणे निरर्थक ठरते.

आता केस आणि खूर. काळ्या केसांची टोके तांबूस होण्यात उन्हाचा आणि घामाचाही वाटा असतो, पण केसांचे रंगद्रव्य तयार करणारे विकर तांब्याशिवाय चालत नाही. त्वचा आणि खुराचे शिंगद्रव्य घडण्यासाठी जस्त लागते. वरच्याच उदाहरणात, कोंडा काढल्यावर, गवतात किलोमागे ६ मिलिग्रॅम तांबे आणि २० मिलिग्रॅम जस्त धरले तर गवत, ओट आणि जवस मिळून दिवसाला सुमारे ६३ मिलिग्रॅम तांबे आणि २३० मिलिग्रॅम जस्त मिळते. गरज अनुक्रमे १०० आणि ४०० मिलिग्रॅमची आहे. जवसाचा यातला वाटा तांब्याचा एक मिलिग्रॅमहून थोडा अधिक आणि जस्ताचा चार मिलिग्रॅम एवढाच आहे. म्हणूनच सुरुवातीला म्हटले की जवसाने तकाकी येईल, रंग येईलच असे नाही.

त्याच गवतात लोह मात्र ओसंडून असते. किलोमागे २५० मिलिग्रॅम हा आकडा मुळीच दुर्मीळ नाही, कारण कापणीच्या वेळी मातीही सोबत येते. म्हणजे दिवसाला सव्वादोन हजार मिलिग्रॅम, जेव्हा गरज ४०० ची आहे. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात जवळपास नाही. त्यामुळे घोडा मरगळलेला दिसला की रक्तवर्धक म्हणून लोहाचे औषध पाजण्याची जी सवय आहे, ती मला अतिशय खटकते. मोठा रक्तस्राव किंवा परजीवींमुळे झालेला रक्तक्षय सिद्ध झाल्याखेरीज लोह देऊ नये. लोह एवढे असताना मी तांबे किमान गरजेच्या दीडपटीपर्यंत नेतो आणि जस्त तांब्याच्या तीन ते चार पट ठेवतो. या उदाहरणात ते रोज सुमारे १०० मिलिग्रॅम तांबे आणि ३५० मिलिग्रॅम जस्त वरून देण्याइतके होते. असे पूरक निवडताना डब्यावर लोह शून्य आहे ना हे पाहावे. एक मिलिग्रॅम इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही, पण शुद्ध क्षार घरी चमच्याने मोजून घालू नयेत; मात्रा बांधलेले पूरक घ्यावे. त्याच आवारात मेंढ्या असतील तर हे खाद्य त्यांच्या तोंडी लागू देऊ नये, कारण मेंढीला तांब्याची विषबाधा फार लवकर होते.

गायीगुरांचे खनिज मिश्रण किंवा पशुखाद्य घोड्याला देऊ नये. त्यात खनिजांचे प्रमाण वेगळे असते हे कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण म्हणजे काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते आणि घोड्याच्या हृदयावर त्याचा जीवघेणा परिणाम होतो.

सेलेनियमबाबत मी सर्वांत सावध असतो. गरज दिवसाला अवघी १ मिलिग्रॅम आहे आणि पुरेसे व विषारी यांतील अंतर इतर खनिजांच्या तुलनेत अरुंद आहे. जास्त झाले तर आयाळ आणि शेपटी झडते, खुराला आडव्या भेगा पडतात, म्हणजे नेमकी तीच लक्षणे दिसतात जी पाहून मालक आणखी एक पूरक सुरू करतो. जवसातील सेलेनियमही ते कोणत्या जमिनीत पिकले यावर अवलंबून असते. म्हणून दोन वेगवेगळ्या डब्यांतून सेलेनियम जात नाही ना, याची बेरीज करावी आणि शक्य असेल तर आधी रक्तातील पातळी पाहावी. आयोडीनचेही तसेच आहे. गरज साडेतीन मिलिग्रॅमची आहे, आणि जवसापासून बनणारे थायोसायनेट थायरॉइडला आयोडीन घेण्यात अडथळा आणू शकते, म्हणून जास्त जवस देताना आयोडीन शून्यावर नसावे. पण भरपाई म्हणून गाभण घोडीला समुद्री शेवाळाची भुकटी मनमानी प्रमाणात देणे अधिक घातक आहे, कारण अतिरेकाने शिंगराला गलगंड होतो.

मीठ आणि ई जीवनसत्त्व थोडक्यात उरकतो. चाऱ्यात सोडियम जवळजवळ नसते. रोज २५ ते ३० ग्रॅम साधे मीठ चंदीत घालावे, घाम गाळणाऱ्या घोड्याला दुप्पट किंवा अधिक, आणि पाणी नेहमी समोर असावे. नुसत्या चाटण्याच्या विटेवर बहुतेक घोड्यांची गरज भागत नाही. ई जीवनसत्त्व ५०० किलोच्या घोड्याला ५०० ते १००० युनिट, शक्यतो नैसर्गिक स्वरूपातले, जवसाबरोबरच द्यावे. जवसाची आम्ले सहज ऑक्सिडीकृत होणारी असल्याने त्याची गरज वाढते, आणि ते शोषले जायलाही तेल लागते.

प्रत्यक्षात सुरुवात वजनकाट्यापासून करावी. गवत, ओट, जवस सगळे आठवडाभर तोलावे. डबा आणि पसा यांचे माप मोतद्दार बदलला की बदलते. गवताच्या वीस-एक गठ्ठ्यांच्या आतून थोडे थोडे घेऊन एकत्र नमुना तयार करावा आणि प्रयोगशाळेला खनिजांसाठी रासायनिक पद्धतीने तपासायला सांगावे. प्रकाशकिरणांच्या जलद पद्धतीने प्रथिने व तंतू ठीक कळतात, तांबे-जस्ताचे आकडे मात्र विश्वासार्ह येत नाहीत. केसांच्या तपासणीवरून आहार ठरवू नये. अहवाल येईपर्यंत कोंडा दहा-बारा दिवसांत टप्प्याटप्प्याने बंद करावा, मीठ सुरू करावे आणि जवस वर सांगितलेल्या क्रमाने वाढवावे. पोटात शूळ किंवा पातळ लीद दिसली तर मागच्या पायरीवर यावे.

तकाकीतला फरक सहा ते आठ आठवड्यांत दिसू लागतो. रंगासाठी केस एकदा गळून नवे यावे लागतात. खुराची भिंत वरच्या कडेपासून पुढच्या टोकापर्यंत वाढायला नऊ महिने ते वर्ष लागते, म्हणून तोवर नालबंदाला वरून उतरणारी नवी वाढ पाहायला सांगावी. ती गुळगुळीत आणि घट्ट असेल तर खालच्या जुन्या भेगांची चिंता नको. नवीन गवत आले की नमुना पुन्हा पाठवावा. गाभण घोडी, दूध पाजणारी घोडी आणि शिंगरे यांना हे आकडे लागू नाहीत, त्यांची कॅल्शियमची गरज कितीतरी मोठी असते. पाचशे किलोच्या दूध देणाऱ्या घोडीला सुरुवातीच्या महिन्यांत सुमारे ५९ ग्रॅम लागते. आणि आपला घोडा पंधरा वर्षांपुढचा असेल, उन्हाळ्यातही लांब, कुरळे केस गळत नसतील, पाणी फार पीत असेल, तर तो पूरकांचा प्रश्न नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या विकाराची रक्ततपासणी पशुवैद्यकाकडून आधी करून घ्यावी.